तीन अंश

ऋजुता आगटे पहिल्यांदा आली तेव्हा
तिच्या पर्समध्ये छप्पर होतं.
कार्डशीटचं, वीतभर.
दाबलं की चपटं,
सोडलं की श्वास घेतल्यासारखं वर.
त्यावर तिने माझा चहाचा ग्लास ठेवला, भरलेला.
छप्पर हललं नाही.
मालक म्हणाले, मॅडम, कागद आहे तो.
भोसरीत आम्ही पत्र्याची कामं करतो.

पेनड्राइव्हमध्ये चव्वेचाळीस तुकडे,
तीनशे शहाण्णव घड्या.
लाल रेघ म्हणजे डोंगर, निळी म्हणजे दरी.
एक मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा,
दोन टोकांना धरला तर मधे
झोळीसारखा लोंबतो.
ह्याला जाडी नको, ती म्हणाली,
कुठे दुमडायचं तेवढं कळलं पाहिजे.
मग स्वतःलाच ते जरा जास्त वाटलं असावं,
घाईने रिव्हेटांचा हिशेब सांगू लागली.

लेझरने रात्रीत रेघा पाडल्या,
तुटक, धावदोऱ्यासारख्या.
सकाळी पहिला तुकडा बेंडिंगला घेतला
आणि सातव्या घडीला तो चिरला.

स्क्रीनवर काहीच चिरलं नव्हतं.
स्क्रीनवर पत्रा म्हणजे पांढरी जागा,
चारी बाजूंनी सारखी.
मी तुकडा ट्यूबलाइटखाली तिरका धरला.
ह्या बारीक रेषा बघा, रोलमधून निघताना पडतात.
लाकडाला शीर असते ना, तशी.
तिच्या अंगाने वाकवलं तर तडकणार,
तिला आडवं वाकवा.
कॉम्प्युटरने पत्रा वाचवायला तुकडे
मिळेल त्या फटीत, मिळेल तसे वळवून कोंबले होते,
लग्नाच्या वऱ्हाडाला टेम्पोत कोंबतात तसे.

आणि अजून एक, मी म्हटलं,
नव्वद हवे असतील तर त्र्याण्णवला न्यायचं.
सोडल्यावर तीन अंश परत येतो.
का?
का म्हणजे? येतो.
तिने फोनमध्ये लिहून घेतलं:
पत्र्याची आठवण, तीन अंश.
आठवण वगैरे मी म्हटलं नव्हतं.

चिरलेला तुकडा घरी नेला.
बाबांनी चष्मा लावून चिरेवर नख फिरवलं.
पिंपरीच्या गेटबाहेर अकरा महिने
ते एक पाटी धरून उभे होते:
मोडेन पण वाकणार नाही.
गेट गेलं, कंपनी गेली.
पाटी तेवढी राहिली, चांगल्या पत्र्याची होती,
मोरीच्या दाराला आतून ठोकली.
दिवसभर वाकवतोस तू, ते म्हणाले.
विचारलं की सांगितलं, कळलं नाही.
तुकड्यावर आता त्यांच्या गोळ्या असतात.

रामटेकडीला, कचरा निवडायच्या ओट्यावर,
चौघांनी छप्पर उचललं.
क्रेनवाला बिडी ओढत बघत राहिला,
त्याला निम्मे पैसे द्यावेच लागले.
इंदूबाई गालफाडेंनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.
वजन किती?
एकसष्ट किलो.
म्हणजे मोडीत नऊ हजार, त्या लगेच म्हणाल्या.
एवढ्यासाठी एवढ्या निऱ्या घातल्या व्हय?
ऋजुता हसली, मग हसायची थांबली,
कारण बाईंनी रिव्हेटच्या एका रिकाम्या भोकात
तारेचा आकडा अडकवून
त्याला डबा, पिशवी आणि छत्री टांगली होती.
हे वजन तिच्या फाइलमध्ये नव्हतं.
ती वर बघत उभी राहिली.
घडी हलली नाही.
बाई प्लास्टिक एकीकडे, काच एकीकडे करू लागल्या.

रात्री अंघोळीला गेलो.
दाराच्या पत्र्याला दोन्हीकडून गंज लागलाय,
मधली अक्षरं तेवढी वाचता येतात:
पण वाक
कडी बसत नाही.
खांदा लावून दार दाबलं.
सोडल्यावर
जरासं परत आलं.